नालछ्याच्या पठारावरची देवयानी

आम्ही नालछ्याच्या पुढचं पठार चढायला निघालो, ते देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायला! दोन हजार पाच साल, दिवाळीनंतरची अमावास्या. उदाजीरावांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, उजवा डोळा गेलाच होता आणि डावाही धुरकट होत चालला होता. सोमवारी ऑपरेशन होतं, डॉक्टर कसलीच खात्री देत नव्हते. लग्नाच्या नव्या नवलाईत गच्चीवरून मला दाखवलेली देवयानी ह्यांना त्याआधी एकदा बघायची होती. नुसत्या डोळ्यांनी ती आता दिसणार नव्हती. म्हणून फोटो. पण आमच्या देवासात कारखान्यांच्या दिव्यांपुढे आकाश उरलं होतं कुठे!

भाची देवश्रीने नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. आजवर तिने फक्त बारशी आणि मुंजी टिपल्या होत्या. पायथ्याशी जीपवाला उमाशंकर गोवऱ्यांवर बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, भाजायला बसला आणि आम्ही तिघं चढू लागलो.

अंधार पडला. पायाखाली मुरूम सरकत होता. अचानक ह्यांचा पाय निसटला! बाजूला दरी! मी कोट धरला. देवश्रीने मला धरलं. करवंदीच्या जाळीत हे कसेबसे अडकले.

मी म्हटलं, परत फिरू. काटे उपटत हे म्हणाले, “सोमवारनंतर येऊन काय करू?”

वर पोचलो तेव्हा वारा पडला होता, आणि दूर पीथमपूरच्या कारखान्यांकडचा तांबूस उजेड सोडला तर चारी बाजूंनी नुसत्या चांदण्या उतरल्या होत्या. देवश्रीने कॅमेऱ्याची तिवई रोवली. पहिल्या फोटोत तारे रेघांसारखे ओढले गेले. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, म्हणत तिने वेळ आठ सेकंदांवर आणली. तेवढ्यात भिंगावर दव साचलं! पुसलं की पुन्हा दव. माझा पदर ओला झाला.

इतक्यात उमाशंकर फडक्यातून गरम बाफले घेऊन वर आला. तूप न लावलेले दोन मी उचलले आणि ह्यांच्या मफलरात गुंडाळून भिंगाभोवती बांधले.

“अरे बाईजी, खाने के वास्ते लाया हूँ!” तो कळवळला.

“उसको ठंड लग री हे, भिया,” हे म्हणाले.

ऊब लागून दव विरलं! देवश्रीने बटण दाबलं. छोट्याशा पडद्यावर तारे उमटले, आणि मधोमध एक तिरका, फिकट डाग.

ह्यांनी कॅमेरा तिवईवरून काढून नाकाशी धरला.

“देवश्री, हा डाग चित्रात आहे की माझ्या डोळ्यात?”

ती सांगायच्या आत ह्यांनीच मान ताठ आणि नजर समोर ठेवून कॅमेरा हळूच डावीकडे सरकवला. डाग कॅमेऱ्याबरोबर गेला. उजवीकडे आणला. तोही आला.

“माझा नाही,” हे म्हणाले. “तीच आहे.”