मेधानं रचलेलं घर

मी जहाजावरचा इंजिनिअर. भुतांपेक्षा बॉयलरला जास्त घाबरतो. सिंगापूरला क्लेमेंटीत मी आणि माझी बायको मेधा एका खोलीत भाड्यानं राहायचो. स्वयंपाकघर घरमालकिणीचं. साधा चहा ठेवायचा तरी मेधा दारात उभी राहून विचारायची, "आंटी, कॅन कुक?"

"नाऊ कॅनॉट. लेटर."

मेधाचं तोंड एवढंसं व्हायचं. ते बघून मला स्वतःचाच राग यायचा.

१९९४ साली जहाज दुरुस्तीसाठी जपानला गेलं, तेव्हा तिलाही नेलं. सुटीच्या दिवशी डोंगरमाथ्यावरचा एक पडका किल्ला बघायला चढलो. वरचे लाकडी महाल कधीच गेले होते, उरली होती ती तटबंदी. सह्याद्रीतले गड पालथे घातलेला मी, पण इथे तोंडात बोटं घातली. चुना नाही, काही नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेले. भिंत तळाशी पुढे आलेली, वर जाताना मागे कललेली, आणि कोपऱ्याची धार काय सुरेख! हात फिरवला. लख्ख उन्हातही दगड गार होते.

"प्रबोध, इकडे बघ."

मेधानं तटाचे ढासळलेले दगड गोळा करून एकावर एक रचले होते. आपल्याकडे देवीच्या डोंगरावर बायका रचतात तसे. रचले की स्वतःचं घर होतं म्हणतात.

फिरायला आलेली एक जपानी आजी थबकली. मेधाकडे बघून तिनं नको नको अशी मान हलवली, एकेक दगड उचलून भिंतीपाशी परत ठेवला आणि भिंतीला वाकून नमस्कार केला.

"दुसऱ्याचं घर मोडतं का कुणी?" मेधा फणकारली. आजी वळणाआड जाताच तिनं तेच दगड पुन्हा रचले. मी हसत होतो.

वर्षाच्या आत सिंगापुरातच बुकित बातोकला आमचा स्वतःचा फ्लॅट झाला. सुरुवातीला मेधा उठसूट चहा करायची, केवळ कुणाला विचारावं लागत नाही म्हणून. इतका चहा मी जन्मात प्यायलो नव्हतो, पण एकदाही नाही म्हटलं नाही.

मग एकदा स्वयंपाकघराशेजारचं कपाट भिंतीला टेकेना. मी ओळंबा सोडून बघितला. भिंत तळाशी पुढे आली होती, वर मागे कलली होती. तडा एकही नाही. पलीकडे सुचित्राताई राहायच्या. त्यांच्याकडे तीच भिंत सरळसोट. कुठल्या गवंड्याला साधेल हे? खरं सांगतो, आधी कौतुकच वाटलं.

मग लक्षात आलं, तट असा दिसतो तो बाहेरून. आणि मी तर घरात उभा होतो.

सिंगापूरच्या भर दुपारच्या उकाड्यात भिंतीला हात लावला. गार होती.

मेधाला हाक मारली. म्हटलं, "चहा टाक ना."

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. बाहेरच थांबली. मान लववली.

"चहा ठेवू का?"

आत कुणीही नव्हतं.

ती ऐकत राहिली.

मग पाय न वाजवता परत आली, तोंड एवढंसं करून.

"आत्ता नको म्हणतायत."