घंटीनंतरचा 'हं'

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या कारखान्यात घडलंय, आणि त्या संध्याकाळी मी स्वतः दाराशी उभा होतो. नोव्हेंबरातला रविवार होता. तिन्हीसांजेची वेळ.

कारखाना सायकलच्या घंट्यांचा. दोघे मामा मिळून चालवायचे. बाजारात त्यांना सगळे थोरले आणि धाकटे म्हणत. थोरले कानाचे पक्के. तयार झालेली प्रत्येक घंटी एकदा वाजवून बघायचे. सूर बरोबर लागला की म्हणायचे, "हं." नाही लागला तर काही न बोलता बाजूला टाकायचे.

गेल्या वर्षी थोरले गेले.

धाकटे मामा साठी उलटली तरी धाकटेच राहिले. आता कोणापेक्षा धाकटे, ते विचारायची सोय नव्हती. मामी आधीच गेलेल्या. मूलबाळ नाही. त्यात बाजारात प्लॅस्टिकच्या स्वस्त घंट्या आल्या. दुकानदारांनी पाठ फिरवली, कामगार एकेक करून निघून गेले. मामा एकटे पडले. अगदी एकटे.

शेवटी माझ्या ताईने मनावर घेतलं.

"मामा, गठ्ठ्याने विकणं विसरा. एकेक घंटी विकायची. प्रत्येकीचा आवाज रेकॉर्ड करून वेबसाइटवर टाकू. गिऱ्हाईक ऐकेल, आवडेल तीच घेईल."

"अगं, घंटी ऐकून लोक बाजूला होतात. विकत कोण घेतं?"

मामांनी कुरकुर केली, पण केलं. दार लावून घ्यायचे, माइकसमोर घंटी वाजवायचे, आवाज विरेपर्यंत श्वास रोखून बसायचे. आणि काय सांगू, घंट्या विकल्या जाऊ लागल्या!

मग एका बाईंनी साइटवर लिहिलं...

'घंटी छान आहे. पण शेवटी हं म्हणणारे आजोबा कोण?'

ताईने हेडफोन लावले. घंटी वाजली... विरत गेली... आणि अगदी शेवटी, खर्जातला...

"हं."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो आवाज आम्ही लहानपणापासून ऐकलेला.

तिने हेडफोन मामांना दिले. त्यांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"कुठे काय आहे? नुसती घंटी तर आहे."

शेजारच्या खोलीत स्क्रू पडला तरी ओळखणारे कान ते. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

ताईने सगळी रेकॉर्डिंग तपासली. काहींवर 'हं' होता. काहींवर नव्हता. ज्यांवर नव्हता, त्यातल्या न विकलेल्या घंट्या तिने उजेडात धरून पाहिल्या...

प्रत्येकीला केसाएवढी चीर होती.

"जगाला ऐकू येतो," मामा म्हणाले. "मलाच नाही. जन्मभर त्याच्या शेजारी मीच उभा होतो ना गं?" त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मामा विक्रीपेक्षा त्या एका आवाजासाठीच घंट्या वाजवू लागले. वाजवायचे... थांबायचे... ताईकडे बघायचे.

"म्हणाला?"

त्या रविवारीही तेच चाललं होतं. मशीन बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ताई हेडफोन लावून बसलेली. मामांनी घंटी वाजवली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

आवाज विरला...

"हं."

आणि पाठोपाठ... अजून एक.

"हं."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरा आवाज बारीक होता, जरासा घोगरा. रोज कानांवर पडणारा.

मामांचा.

आणि मामा तर समोर घटाघटा पाणी पीत होते.

"म्हणाला?" त्यांनी पेला खाली ठेवला.

"दोघं म्हणाले," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"दुसरा कोण?"

ताई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

मामा समजले. मला वाटलं, आता घाबरतील. पण ते हसले. थोरले गेल्यापासून पहिल्यांदाच.

"असं होय," एवढंच म्हणाले, आणि पुढची घंटी हातात घेतली.

मामा आजही ठणठणीत आहेत. डॉक्टरांना काही सापडलेलं नाही. धंदाही बरा चाललाय. चांगल्या घंटीवर आता दोन 'हं' येतात. का, ते कळायला मार्ग नाही. मी हेडफोनला हात लावायचं सोडून दिलंय.

पण रोज संध्याकाळी मामा ताईला विचारतात, "दुसरा आज जास्त स्पष्ट आला का गं?"

इतक्या आशेने विचारतात... की ताई दरवेळी खोटंच सांगते. "नाही, मामा."