केशरबाईंच्या वहीतलं जास्तीचं पान

भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी वऱ्हाडातली वैशाखातली दुपार पाहिलेली नसावी. दोनच्या सुमाराला गाव असं चिडीचूप होतं की घराघरांत माणसं आहेत की नाहीत, याचीच शंका यावी. खिडक्या बंद, दारावर ओलं पोतं, आत अंधार. मंजुषाची ही गोष्ट अशाच एका दुपारची आहे.

मंजुषा अमरावतीच्या एका कॉलेजात कामाला. लोकांच्या घरातले जुने कागद आणि वह्या शोधायच्या, कॅमेऱ्याखाली एकेक पान टिपायचं आणि कॉलेजच्या मुक्त संग्रहात चढवायचं, हे तिचं काम. मुक्त म्हणजे खरोखर मुक्त. ना फी, ना पासवर्ड, ना कुणाची चिठ्ठी. गावातल्या माणसाने उघडावं की परदेशातल्या प्रोफेसराने, दोघांना तेच पान सारखंच दिसणार. अकरा वर्षं ती हे करत होती आणि तिचे दोन नियम होते. पानं आधी मोजायची, चित्रं नंतर मोजायची, आकडे जुळलेच पाहिजेत. आणि चित्रात बोट येता कामा नये. या धंद्यात भल्याभल्यांचे अंगठे पानाच्या कडेला सापडतात. मंजुषाचा एकही नव्हता, आणि त्याचा तिला चांगलाच ताठा होता.

त्या दिवशी ती बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने अकोल्याला आणि तिथून एसटीने तेल्हाऱ्याकडच्या एका गावी पोचली. खारपाणपट्ट्यातलं गाव. इथे जमीन काळीभोर, कापूस चांगला पिकतो, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. जिच्या घरची वही टिपायची होती, त्या आशाबाईंचा नवरा किडन्या जाऊन गेला होता. आता मुलगी पौर्णिमा तिशीतच सुजायला लागली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हे पाणी बंद करा. बंद करून प्यायचं काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

आशाबाईंनी पेटीतून वही काढली. त्यांच्या सासूची, केशरबाईंची.

"अखजीले, अक्षय तृतीयेले, पितरायची घागर भरतात ना बाई, ते पानी गोडच पाह्यजे म्हने माही सासू. खारं पानी पाजून पुर्वजाईले कावून तरास द्यावा? म्हून अखजीच्या आदी पंधरा दिवस पायी फिरे. तीन कोसातल्या साऱ्या इहिरी. घोट घोट चाखे आन् लिहून ठेवे."

"किती वर्षं?"

"अठ्ठेचाळीस. लिहायले बी याच्याचपायी शिकली."

मंजुषाने वही उघडली आणि तिच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. दर पानाला एक विहीर, वर तिची खूण, कुठल्या झाडापासून किती पावलं, आणि खाली वर्षावार चव. गोड. मचूळ. खारट. कडू. मोठमोठ्या खात्यांना जे जमलं नाही, ते एका बाईने उन्हातान्हात अनवाणी फिरून, जिभेवर तोलून लिहून ठेवलं होतं. अशा माणसाचे पाय धरावेत. मंजुषाने वहीलाच हात लावून नमस्कार केला.

"आन् हे पाहा," आशाबाई म्हणाल्या, "रेघा थे आदीच आखून ठेवे. कोन्या इहिरीले पाच, कोनाले पन्नास. किती आखाच्या, तिले कोनी सांगे नाही. पन रेघा सरल्या का इहीर आटलीच समजा."

मंजुषाने पानं मोजली. केशरबाई उजव्याच बाजूला लिहायच्या आणि वर आकडा घालायच्या. शेवटचा आकडा एकशे एकोणीस, पानं मात्र एकशे अठरा. शहाण्णवनंतर एकदम अठ्ठ्याण्णव. मधलं पान कुणीतरी मुळापासून फाडलं होतं.

"ते आमचे भाऊजी, खुशालराव... त्याईच्याचपाशी होती वही इतके दिवस," एवढंच बोलून आशाबाई पौर्णिमाला बघायला मागच्या खोलीत गेल्या.

मंजुषाने टेबलावर कॅमेरा उभा केला आणि काम सुरू केलं. वीस पानं झाली असतील, तोच वीज गेली. पंखा घरघरत थांबला. बॅटरीवर कॅमेरा चालत होता, त्याच्या छोट्या दिव्याचा उजेड वहीवर पडला होता, बाकी खोली काळोखी. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

इतका वेळ पानं कडेला वळत होती, दर वेळी दाबून सोडावी लागत होती. आता ती आपोआप सपाट पडू लागली. बरंच झालं, तिने मनात म्हटलं. साठ. सत्तर. मग वास आला, कोऱ्या घागरीत पहिल्यांदा पाणी भरल्यावर येतो तसा. आणि कुठेतरी दोरावरचं चाक कुरकुरू लागलं. कुर्र... थांबे. कुर्र... थांबे. शेजारी कुणी पाणी शेंदत असेल, असं समजून ती पान उलटत राहिली. नव्वदच्या पुढे आवाज इतका जवळ आला की तिने मान वर केली.

खोलीत कुणी नव्हतं. टेबलाखालची फरशी मात्र पायाला गार आणि ओली लागली...

तिने हात थांबवला नाही. थांबवला तर पुन्हा उचलता येणार नाही, हे तिला कळत होतं. शेवटचं पान टिपून तिने सवयीने आकडा पाहिला. एकशे एकोणीस.

पुन्हा पानं मोजली. एकशे अठरा.

तिने सत्त्याण्णवावं चित्र उघडलं. पान तिथे होतं. तेच अक्षर, तीच शाई. "खुशालच्या वावरातली. जांभळीपासून बावीस पावलं, उगवतीला." खाली ओळीने गोड, गोड, गोड, अशी तेहतीस वर्षं. मग एका ओळीत एकच शब्द, "बुजवली". त्याच्याखाली कोऱ्या रेघा, पान भरून. आणि पानाची कड धरून ठेवलेला एक अंगठा. म्हातारा, ओला, नखाजवळ गोंदणाचे तीन हिरवे ठिपके.

"झाली का वही?"

दारात सत्तरीतले खुशालराव उभे होते. ते आत आले, त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि ते मटकन खाली बसले.

"हे पान... म्या चुलीत घातलं होतं. माह्या हातानं."

मंजुषाने फाटलेल्या पानाची जागा उघडून वही त्यांच्यापुढे धरली.

"वावर सपाट कराचं होतं म्हून इहीर बुजवली. माय शेवटल्या दिवसात त्याच पान्याचा घोट मागे... तीन दिवस मागत होती. कुठून देऊ? थे गेल्यावर पान जाळलं. लोकाईले दिसू नये म्हून." त्यांनी डोळे पुसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, कागद नाही त फोटो कायचा? काढून टाका."

मंजुषाची पंचाईत झाली ती इथे. म्हातारा तिचाच नियम तिला सांगत होता. जे वहीत नाही ते संग्रहात जाऊ शकत नाही. एक खोटं पान शिरलं की खऱ्या एकशे अठरांवरचाही विश्वास उडतो. नियमाने चित्र पुसायला हवं. आणि पुसलं, तर ती गोड विहीर कुणाला कळणारच नाही आणि पौर्णिमा तेच खारं पाणी पीत राहणार.

आशाबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्या अंगठ्यावरचं सासूचं गोंदण पाहत होत्या. मग त्यांनी पडद्यावरच्या कोऱ्या रेघांवरून बोट फिरवलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "रेघा सरल्या नाहीत अजून."

खुशालराव उठले आणि त्या रेघा त्यांनी जवळून पाहिल्या. मग म्हणाले, "राहू द्या मंग."

दुसऱ्या दिवशी मंजुषा वही चढवायला बसली. सत्त्याण्णवाव्या चित्राखाली तिने लिहिलं: "हे पान मूळ वहीत नाही. चित्र कसं आलं, ते टिपणाऱ्याला माहीत नाही." कॉलेजातले हसले, पण ते वाक्य न खोडताच तिने वही चढवली. मला विचाराल तर असं लिहायला भुताला भिण्यापेक्षा जास्त धीर लागतो. संग्रहाची रीत अशी की एकदा चढवलेलं पुन्हा कुणालाच बदलता येत नाही, चढवणाऱ्यालाही नाही.

अकोल्याची आकांक्षा नावाची भूगर्भशास्त्र शिकणारी मुलगी, तिने ती वही आपणहून वाचली. तिला कुणाची परवानगी मागावी लागली नाही, की कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. तिने सगळ्या विहिरी नकाशावर मांडल्या आणि गावाला फोन केला, की जमिनीखालून गोड पाण्याची एक चिंचोळी पट्टी जाते आणि ती सत्त्याण्णव नंबरवर सगळ्यात जाड आहे. जांभळीचं खोड उरलं होतं. बावीस पावलं खुशालरावांनी स्वतः टाकली. दिवाळीनंतर विहीर उपसली, तेव्हा पहिली घागर त्यांनी डोक्यावरून भावजयीच्या घरी नेली. पौर्णिमा खडखडीत बरी झाली असं काही मी सांगणार नाही. पण दुखणं होतं तिथे थांबलं, आणि आशाबाईंना तेवढंही खूप होतं.

पुढच्या अखजीला भरदुपारी आशाबाईंचा फोन आला. "घागर भरली बाई. त्याच पान्यानं."

बडनेऱ्याच्या घरात मंजुषा एकटीच होती. ऐकून तिला भरून आलं. कौतुकाने तिने संग्रहातली वही पुन्हा उघडली. खाली आकडा होता एकशे वीस.

शेवटचं चित्र आजच्या तारखेचं होतं. वर त्याच अक्षरात खूण: "मंजुषाच्या घरचा माठ. बडनेरा." पहिल्या ओळीत एकच शब्द, "गोड".

तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. माठावरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं आणि फरशीवर ओली पावलं होती, अनवाणी, माठाकडे जाणारी. परतीची नव्हती.

गोडच्या खाली पुढच्या वर्षांसाठी रेघा आखलेल्या होत्या. जन्मभर सगळं मोजत आलेल्या मंजुषाने त्याही मोजायला घेतल्या. पण त्या रेघांवर नेमका तो तीन ठिपक्यांचा अंगठा आडवा धरलेला होता, किती आहेत ते दिसू नये असा.