मापट्याचा तळ

माझा धंदा जुन्या वस्तूंचा. किसोच्या खोऱ्यातलं एखादं घर बंद होणार म्हटलं की आमच्यासारखे लोक दारात हजर. शिगेनो आजी कायमची नागोयाला भाच्याकडे चालली हे कळलं, तसा मीही दुपारच्या बसनं वर गेलो. तिच्याकडे तांदूळ मोजायची जुनी लाकडी मापटी होती आणि त्यांच्यावर माझा कधीपासूनचा डोळा होता.

सोललेल्या पर्सिमन फळांच्या माळा वळचणीला वाळत होत्या. आजीनं मापटी पुढ्यात मांडली आणि चहाची किटली घेऊन बसली.

“नीट बघून घे हो. नंतर गावभर सांगत सुटशील, म्हातारीनं फसवलं म्हणून.”

“तुम्ही कसल्या फसवताय आजी! ते काम आमचं.”

सगळ्यात मोठं मापटं चौकोनी, कडांना लोखंडी पट्टी, आत कोंड्याचा जुनाट वास. उजेड कमी होत चालला होता. तळ पोखरलाय का ते पाहायला मी ते पालथं घातलं आणि बोटानं ठोकलं. टक्... टक्. धंद्याची सवय, दुसरं काय.

चहा ओतणारा आजीचा हात थांबला.

“तळ वाजवलास?”

मी जीभ चावली. आमच्याकडे मापट्याचा तळ कुणी वाजवत नाही. डोंगरात पोर हरवलं तरच तिन्हीसांजेला सगळा गाव मापट्यांचे तळ वाजवत, नावानं हाका मारत फिरतो. एरवी वाजवलं, तर ऐकणारं कुणीही येतं.

“चुकलं, आजी.”

“हे शेवटचं माझ्या बापानं वाजवलं होतं,” ती म्हणाली. “कियोसाठी. माझी धाकटी बहीण. लपाछपी खेळत होतो, माझ्यावर राज्य होतं. घरातून भाजलेल्या माशाचा वास आला आणि मी खुशाल जेवायला निघून आले. येईल आपसूक, म्हटलं. ती आलीच नाही.” तिनं बाहीनं डोळे पुसले. “नंतर आईनं मला मापट्याला हात लावू दिला नाही. इतक्या उशिरा जे येईल ते आपलं नसेल, म्हणायची. मी ऐकलं. ऐकायला नको होतं रे...”

अंगणात वाळका पाला चुरचुरला.

“ताई...?” बाहेरून एका लहान मुलीचा आवाज आला.

आजी पांढरीफटक पडली. मग अगदी हळू म्हणाली, “वाजव. थांबू नकोस.”

मी पुन्हा तळ वाजवू लागलो. ओल्या मातीचा, शेवाळाचा वास घरात शिरला. अनवाणी, हलकी पावलं दारापर्यंत आली. आजीनं दार सरकवलं. मी बसलो होतो तिथून मला एवढंच दिसलं: चिखलानं भरलेले दोन लहान पाय आणि निळ्या डगल्याचा काठ.

“ताई कुठंय?”

“मीच गं तुझी ताई. ये, कियो... आत ये.”

ते पाय एक पाऊल मागे सरकले. मग तो आवाज हिरमुसला.

“तू तर म्हातारी आहेस. ताई आली की सांग, मी अजून लपलेय. तिच्यावरच राज्य आहे.”

पावलं परत गेली. आता आजीला सावरावं लागणार म्हणून मी उठलो, तर ती पायांत खडावा घालत होती.

“कुठं निघालात?”

“माझं राज्य राहिलंय.”

तेव्हाच मी तिची बाही धरायला हवी होती. अजूनही रोज तेच मनात येतं आणि जीव तुटतो. मी मात्र मापटं छातीशी धरून वेड्यासारखा उभा राहिलो.

पर्सिमनच्या झाडाला कपाळ टेकून तिनं डोळे मिटले. “येऊ का?” आवाज थरथरत होता.

वरच्या रानातून उत्तर आलं, “अजून नाही!”

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, “येऊ का?” या खेपेला तो आवाज म्हातारीचा नव्हता.

“ये!”

मी कंदील घेऊन धावलो. झाडाखाली तिच्या खडावा शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या होत्या. गावानं सगळा डोंगर पालथा घातला, मापटी वाजवली. आजी सापडली नाही.

ते मापटं मी विकलं नाही. दुकानात वरच्या फळीवर तांदळानं शिगोशीग भरून ठेवलंय, तळ वाजू नये म्हणून. तरी तिन्हीसांजेला दुकान बंद करायला गेलो की दारामागून दोन लहान मुली एका सुरात विचारतात, “येऊ का?”

“अजून नाही,” मी म्हणतो. न चुकता म्हणतो.

परवा माझा घसा बसला होता, काही केल्या आवाज फुटेना. सकाळी फळीवर पाहिलं, तर मापट्यातल्या तांदळात शेजारी शेजारी दोन लहान मुठींनी उपसल्याचे खड्डे होते.