तबकाला चहा

रोहिणी चौगुले यांचं यकृत मंगळवारी सकाळी तिसऱ्यांदा वारलं. खुद्द रोहिणीअक्का त्या वेळी जयसिंगपुरात घरी पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. मिरजेच्या तबकघरातून फोनवर संदेश आला : 'आपल्या यकृताचे निधन झाले आहे. सबब "मोकळीन" हे औषध आपणास देता येणार नाही. आपण सुखरूप असाल, अशी आशा आहे.'

तबक म्हणजे तळहाताएवढी काचेची पट्टी. माणसाच्या कातडीचा कण घेऊन त्यातून त्याचंच यकृत, हृदय, मूत्रपिंड आणि नसांची मज्जा वाढवायची. प्रत्येकाचा मसुरीच्या डाळीएवढा दाणा. केसाहून बारीक नळ्यांनी ते दाणे एकमेकांना जोडायचे आणि रक्तासारखा पातळ द्राव त्यांच्यातून फिरवत ठेवायचा. झाला छोटा माणूस तयार. कायद्यानं औषध आधी तबकाला द्यायचं, मग त्याच्या धन्याला, म्हणजे खऱ्या माणसाला. त्यामुळे ससे, उंदीर आणि माकडं सुटली. प्रत्येक औषधाच्या खोक्यावर एकच ओळ असे : 'माणसांसाठी सुरक्षित. तबकावर तपासलेले.'

अक्कांचे दोन्ही गुडघे दोन वर्षांपासून लाकडासारखे झाले होते. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून उभं राहण्याचं ते बक्षीस. मोकळीन मिळालं तर त्या चालणार होत्या, नाहीतर उरलेलं आयुष्य पलंग ते मोरी. दोन रिक्षावाल्यांना सांगून त्यांनी स्वतःला खुर्चीसकट मिरजेच्या तबकघराच्या दुसऱ्या मजल्यावर चढवून घेतलं. लिफ्ट बंद होती. लिफ्ट उद्घाटनापासूनच बंद होती.

"माझं यकृत मारलं कुणी?"

"मी," डॉ. अन्वी नाईकवडी म्हणाली. वय तिशीचं, डोळे झोपाळू. खोटं बोलायचा तिला कंटाळा होता. "पहिल्याच डोसला गेलं, अक्का. तुमचं यकृत नाजूक आहे."

"नाजूक? एकतीस वर्षं डेपोच्या कँटीनचा चहा पचवलाय मी. तिथं कुत्रंसुद्धा पाणी प्यायचं नाही."

"हो, पण तबकातल्या यकृतानं नाही पचवलेला." अन्वीनं खुर्ची ओढली. "तुमच्या कातडीची पेशी आम्ही उलट्या पावली नेतो, पार सुरुवातीला. मग तिला सांगतो, आता यकृत हो. ती होते. जनुकं तुमचीच असतात, पण पेशी कच्ची असते."

"किती कच्ची?"

"पोटातल्या बाळाइतकी."

अक्कांनी खुर्चीतून पुढे वाकून अन्वीकडे नीट बघितलं.

"म्हंजे म्हातारीचं औषध तुम्ही पोटातल्या पोराला विचारून ठरवताय? आमच्या एसटीत असल्याचं तिकीटसुद्धा काढत न्हाईत बाई, आणि तुम्ही त्याची सही घेताय?"

"कायदा तसा आहे."

"मग त्याला वाढवा की."

अन्वीला हसू आलं, मग ते थांबलं. यकृतात विकरं असतात, म्हणजे आलेलं विष मोडून काढणारे कामगार. काम येत गेलं की कामगारांची भरती होते. तबकांना मात्र जन्मभर गाळलेला स्वच्छ द्राव मिळतो. काम नाही, म्हणून भरती नाही. "वाढवायचं तर त्याला तुमचं आयुष्य पाजावं लागेल," ती म्हणाली.

"मंगळवारी येते," अक्का म्हणाल्या.

अन्वीनं नवं तबक लावलं. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता अक्का खुर्चीसकट हजर झाल्या, मांडीवर थर्मास. कुणाला बघायला रिकाम्या हातानं जायचं नसतं. अन्वीनं तो चहा तीनदा उकळला, गाळला, हजारपट पातळ केला आणि त्यातला एक थेंब तबकात सोडला. हृदयाचा दाणा दोन दिवस अडखळला, मग सावरला. "माझंबी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात असंच झालं हुतं," अक्का समाधानानं म्हणाल्या.

पुढे कटाची आमटी आली, मिसळीचा कट आला, सर्दीचा काढा आला. एकदा डिझेलचा धूर आला, बाटलीत भरून. आठवड्याला दोन-तीन वर्षं असा हिशेब अक्कांनी बसवला होता. थेंब पडला की त्या तबकाला गप्पा सांगत : कुठल्या मास्तरानं अर्ध्या तिकिटात दाढीवाला मुलगा नेला, कोण बाई सांगलीच्या फाट्यावर बाळंत झाली. तबकाला कान नव्हते; अन्वीनं ते स्पष्ट सांगितलं होतं. अक्कांनी तबकाचं नाव बारकी ठेवलं.

नवव्या आठवड्यात अन्वी आलेखाकडे बघत बसली होती. औषधानं नसा बिघडतात का ते कळावं म्हणून तबकात मज्जेचा दाणा असतो. एरवी तो अधूनमधून लुकलुकतो. हल्ली मंगळवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना तो भराभर लुकलुकू लागायचा.

"लिफ्टच्या हादऱ्यानं असेल," अन्वी म्हणाली.

"लिफ्ट बंद हाय."

"मग तापमान असेल."

"वाट बघतीय," अक्का म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण उघडलं.

चौदाव्या आठवड्यात अन्वीनं मोकळीनचं खोकं टेबलावर ठेवलं. पंधरा गोळ्या. एक विरघळवून तबकाला द्यायची, पहिल्या डोसला तबक टिकलं तर उरलेल्या धन्याला. "बारकीचं यकृत आता तुमच्या वयाचं झालंय. पहिला डोस ती पचवणार, अक्का. तुम्ही चालणार."

"मग दे की तिला."

"देते. पण पद्धत अशी आहे, की डोस वाढवत न्यायचा. ती कुठं मरते ते कळलं, की त्याच्या बरंच खाली तुमचा डोस."

"म्हंजे पास झाली तरी मरणार?"

"पास होणारी सगळीच मरतात. दुसरं वाढवता येतं."

"हीच वाढवता येती?"

अन्वीनं आलेखाकडे मान वळवली. आलेखावर दाणा लुकलुकत होता.

अक्कांनी खोकं उचललं, गोळी काढली आणि चहाबरोबर गिळली.

"अक्का! हा गुन्हा आहे!"

"लाव कलम. मला काय झालं न्हाई तर तिला मारायचं कारणच उरलं न्हाई. माझा डोस माझ्यावर कळला, तेवढाच तिला चाखव. आणि मला काय झालं, तर तिला वासबी देऊ नगं."

"पण हे उलटं झालं!"

"तुझं सुलटं मी तीनदा बघितलंय."

दोन दिवस अक्का ओकल्या. डोळे पिवळे झाले. तिसऱ्या दिवशी पिवळेपणा उतरला. पाचव्या दिवशी गुडघा वाकला. पुढच्या मंगळवारी त्या बेचाळीस पायऱ्या चढून वर आल्या, थर्मास हातात, खुर्ची नाही.

अन्वीला नोंद करणं भाग होतं. अर्जात दोनच रकाने होते. 'तपासणीचा नमुना'मध्ये तिनं लिहिलं, रोहिणी चौगुले. 'औषध कुणासाठी'मध्ये लिहिलं, तबक क्रमांक ४११७. संगणकानं हिरवी खूण दिली. त्याला असलं काही विचारायला कुणी शिकवलं नव्हतं.

बातमी पसरली. पुढच्या मंगळवारी जिन्यात सात थर्मास होते, त्याच्या पुढच्या मंगळवारी चाळीस. लोक आपापल्या तबकाला नाव ठेवत, चहा पाजत आणि परीक्षेच्या दिवशी तबकांच्या खिडकीशी उभं राहून गोळी स्वतः घेत. अक्का रांग लावत. "पुढं सरका, पुढं रिकामं हाय!" खूप वर्षांनी त्यांचा आवाज कामाला आला होता. कायदा वाकवला होता त्यांनी, आणि गुडघेही.

महिन्याभरानं कुपवाडचे उपाध्ये नावाचे गृहस्थ गोळी घेऊन घरी गेले ते परत आले नाहीत. त्यांचं तबक वाचलं. आता उपाध्येंची बायको दर मंगळवारी थर्मास घेऊन येते आणि त्याच्याशी बोलते.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, नवीन खोकी आली. अन्वी जिन्यात आली आणि एक खोकं तिनं अक्कांच्या हातात दिलं. त्यावरची ओळ बदलली होती : 'तबकांसाठी सुरक्षित. माणसांवर तपासलेले.'

"हे कुणाला इचारून छापलं?"

"कुणालाच नाही. आपल्या अर्जांवरून आपोआप छापलं गेलं. माणसांवरची माहिती तबकांपेक्षा फार चांगली येते, अक्का."

अक्का जिन्यातच आडव्या बसल्या. पाय पसरून वाट अडवली. "बस भरली! आज कुणी वर जायचं न्हाई!"

रांगेतला पहिला माणूस सांगलीचा बँकवाला होता. गोळी त्याच्या मुठीत घामेजली होती. तो रागावला नाही.

"अक्का, तुमची बारकी वाचली," तो म्हणाला. "माझा आत वाट बघतोय. अकराला दोन कमी आहेत."

अक्कांनी वर बघितलं. उघड्या दारातून दिसणाऱ्या आलेखाच्या पडद्यावर चाळीस दाणे एकदम लुकलुकायला लागले होते. त्यातला एक त्यांचा होता.

त्यांनी पाय आखडून घेतला आणि वाट दिली. गुडघा अगदी सहज वाकला.