नाताळच्या गोठ्यात मल्हारचं कोकरू

नाताळ आठवड्यावर आला होता. कडब्याच्या पेंढ्या स्कूटीवर बांधून शीला पेडगावच्या चर्चकडं निघाली, तर रस्त्यात मेंढरं आडवी आली... ती थांबली अन् एका कोकरानं पेंढीच ओढली.

"अवं, आवरा की! येशूबाळाच्या गोठ्याचा कडबा हाय त्यो!"

"मग गोठ्यात जनावर नको का?" मेंढरामागचा तरुण हसला. त्याचे डोळेही हसत होते, म्हणून शीला जास्तच वैतागली.

दुसऱ्या दिवशी तो तरुण, मल्हार त्याचं नाव, खरंच कोकरू घेऊन चर्चच्या अंगणात हजर! तिनं खपून चिकटवलेल्या कागदी चांदणीची शेपटी कोकरानं चघळून टाकली.

"लय गुणाचं हाय," मल्हार म्हणाला. शीलानं कपाळावर हात मारला.

मग तो रोजच यायला लागला. नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या मंडळात ढोल घेऊन शिरला. ढोलापुढं गाणं ऐकूच येईना.

"हळू वाजवा ना!"

मग तो हळू वाजवायचा... तिच्याकडं बघत. अन् तिचेच शब्द चुकायचे.

नाताळची उपासना झाली. करंज्या वाटताना शेजारची सवितावहिनी सहज म्हणाली, "मल्हार उद्या मेंढरं घेऊन सोनपेठकडं चाललाय. पावसाळ्यापोतर येत न्हाई आता."

शीला तडक त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "साऱ्या गावाला सांगितलं, मलाच न्हाई?"

"तुमाला सांगायचं म्हणलं की... शब्दच निघंना."

"कोणते?"

"तेच... तुमी मला लय..." तो पायानं माती उकरत राहिला.

"आवडता!" शीलानंच वाक्य पुरं केलं. "मलाबी तू आवडतोस. झालं? एवढ्यासाठी आठवडाभर डोकं खाल्लंस माझं! चल, बाबा घरीच हायत."

"आत्ता? पण आमी धनगर, तुमी..."

"ते त्यांच्यापुढं बोल."

बाबांनी सगळं ऐकलं अन् त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भर थंडीत मल्हारला घाम फुटला. शेवटी ते म्हणाले, "घरच्यांना घेऊन ये, बोलू. आज मात्र जेवल्याबिगर जायचं न्हाई."

"म्हंजे... हो म्हणले का?" मल्हार ताटावर बसून पुटपुटला.

"जेव गप!" शीला म्हणाली, अन् आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसली.