ड्रॉपच्या अलीकडे

बाणेरच्या ‘स्पंद’ क्लबच्या वरच्या मजल्यावरच्या नादप्रयोगशाळेत डीजे प्रणित सोनटक्के डॉ. इरावती चाफेकरांसमोर उभा होता. आपली बायको खाली दोन तास एक हात वर करून उभी आहे, हे शहाण्या माणसासारखं सांगायचा तो प्रयत्न करत होता.

“एकटीच?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही. बरोबर तीनशे दहा जण आहेत.”

पडद्यावरचा आकडाही तोच होता. डॉक्टरांना तेवढ्यानेच समाधान वाटलेलं दिसलं. आकडे जुळले की त्यांना बरं वाटायचं.

त्यांची स्वयंरूपांतर यंत्रणा आठ महिने चालू होती. पूर्वी एका गाण्याचे नवे रिमिक्स यायला आठवडे लागायचे. आता दर अकरा मिनिटांनी यायचे आणि ऐंशी क्लबांना जायचे. क्लबातल्या पाऊलमापक फरशा यंत्राला कळवायच्या, की कुठल्या क्षणी किती माणसं उतरून गेली. ज्या आवृत्तीत कमी माणसं गेली तिला पिल्लं व्हायची. बाकीच्या मरायच्या.

“तूच सांग, माणूस फरशी सोडतो कधी?”

“ड्रॉप झाला की,” प्रणित म्हणाला. आधी बिल्ड-अप: ठोके चढत जातात, लोक हात वर करतात, सगळं क्षणभर थांबतं आणि मग धाडकन ड्रॉप. उड्या मारून झाल्या की लोकांना तहान लागते, कुणाला रिक्षा आठवते.

“आणि बिल्ड-अप चालू असताना?”

“तेव्हा कोण जाईल, मॅडम?”

“यंत्रालाही हेच कळलं. त्याने ड्रॉप पुढे ढकलायला सुरुवात केली. आवृत्ती एक्केचाळीसशे बारामध्ये तो नाहीच. चाळीस मिनिटं नुसता चढ. मेंदूत इतका अपेक्षासंचय झाला, की माणसाला दुसरं काही सुचत नाही.”

असं काही होऊ नये म्हणून प्रत्येक आवृत्ती एका डीजेने पूर्ण ऐकून अभिप्राय द्यायचा, असा नियम होता. ही आवृत्ती प्रणितकडे आली तेव्हा तो दाढी करत होता. अभिप्राय लिहिल्याशिवाय गाणं डाउनलोड करता येत नाही, म्हणून त्याने लिहिलं, ‘जबरदस्त, नक्की वाजवणार.’ सगळे डीजे हेच लिहितात. सासऱ्यांनी नवा सोफा दाखवला तेव्हाही त्याच्या तोंडून हेच निघालं होतं.

दुपारी त्याने ती खरंच वाजवली. वाजवतानाही ऐकली नाही, कारण डीजे हेडफोनवर पुढचं गाणं ऐकत असतो. त्यामुळे तो वाचला. मान वर केली तेव्हा पहिल्या रांगेत तेजल हात वर करून उभी होती. लग्नाला सात महिने झाले होते आणि आज पहिल्यांदाच ती त्याचं काम बघायला आली होती.

त्याने दुसरी गाणी लावली; लोकांनी तीही बिल्ड-अपमध्येच धरली. मेन स्विच पाडला, तर शांतता पसरली आणि सगळ्यांचे हात आणखी वर गेले. ड्रॉपच्या आधी शांतता असतेच. त्यांच्यातच उभ्या असलेल्या क्लबच्या केटररला चौघांनी उचलून पार्किंगमध्ये नेलं, तर तो चिडून परत आला आणि आपली जागा गेली म्हणून भांडला.

“यंत्रच बंद करा,” प्रणित आता डॉक्टरांना म्हणाला.

“मग ड्रॉप कोण बनवणार? एवढ्या संचयाला पुरेल असा ड्रॉप माणसाच्या आवाक्यातला नाही. पण यंत्र तो बनवेल, ही आवृत्ती अपयशी ठरली तर. म्हणजे लोक फरशीवरून उतरायला लागले तर. सध्या उलटंच चाललंय.” त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. चारशे साठ.

प्रणित खाली धावला. पाऊलमापक बॅटरीवर चालू होते आणि फरशीवर नातेवाईक जमले होते. कुणी मुलाला पाणी पाजत होतं, एक आजोबा नातीच्या खांद्यावर शाल टाकत होते. यांनी गाणं ऐकलंच नव्हतं. ते नुसते आपापल्या माणसापाशी थांबले होते, पण फरशीला फक्त पावलं कळत होती.

प्रणितने सगळं नीट समजावलं. सगळ्यांना पटलंही. “तुम्ही व्हा पुढे,” आजोबा म्हणाले, “आम्ही आलोच.” मागच्या बाई म्हणाल्या, की आधी आजोबा उतरू देत, त्यांचं वय झालंय. कुणीच हललं नाही.

तेजलचा हात अवघडून गेला होता. त्याने तो खाली ओढून पाहिला. तिने वळूनही न बघता म्हटलं, “थांब ना. आता येईल.” मग त्याने तिच्या कोपराखाली आपला तळवा धरला. तिला जरा बरं वाटलं असावं.

फोन वाजला. “सातशे चार,” डॉक्टर म्हणाल्या. “शांततेतही एकही माणूस गेला नाही. यंत्राने नवी आवृत्ती काढली. चाळीस मिनिटं बिल्ड-अप आणि पुढे नुसती शांतता. ऐंशी क्लबांत गेली. प्रणित, कुणीतरी सुरुवात करायला हवी. तू उतर.”

“उतरतो, मॅडम,” प्रणित म्हणाला. कोपर घसरत होतं, ते त्याने पुन्हा नीट वर उचलून धरलं. “हिचा हात तेवढा खाली आला, की लगेच.”